एक पट्टा, मु. पो. डोंबिवली

आमच्या घरी कुत्रा नाही. पूर्वीही नव्हता. एकदा एक मांजर आठवडाभर राहून गेली, पण सासूबाई तिला रोज सकाळी "नखं दाखव" म्हणायच्या, तेव्हा तिनेही वरच्या मजल्यावर बिऱ्हाड हलवलं. सासूबाई प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्याला वीस वर्षं होतील. शाळा अजून त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही.

अशा या घरात गेल्या वर्षी श्रावणातल्या एका मंगळवारी दुपारी बेल वाजली. मी रजेवर होते म्हणून पुढचं डोळ्यांनी बघता आलं. दारात हेल्मेट न काढलेला एक मुलगा, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात राखाडी प्लास्टिकचं पाकीट. "आजी, सही करा. बोटानेच." आईंनी मोबाइलच्या काचेवर बोटाने सही केली. त्यांची सही एरवी फळ्यावर लिहिल्यासारखी सुवाच्य. काचेवर ती चिखलातून कोंबडी चालून गेल्यासारखी उमटली. "पुसून दे रे बाळा, परत करते," त्या म्हणाल्या. बाळ तोवर जिना उतरून, गाडीला किक मारून फडके रोडला लागलं होतं.

पाकीट उघडायला कात्री झाली, सुरी झाली, शेवटी विळी काढली. आत निघाला कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा लाल पट्टा. त्याला एक छोटं घुंगरू.

पत्ता मात्र चोख होता. आईंचं पूर्ण नाव, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव, इमारत, मजला, रामनगर, डोंबिवली पूर्व, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे. बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं, की आम्ही डोंबिवलीकर एकाच वेळी तीन गावांत राहतो. झोपायला डोंबिवलीत, तहसीलदाराकडे जायला कल्याणात, कलेक्टरकडे जायला ठाण्यात. त्यामुळे आमचं टपाल या तिन्हींत कुठेही गेलं तरी कागदोपत्री ते चुकलेलं नसतं. त्यात इमारतींची नावं. देवाच्या किंवा संताच्या नावापुढे कृपा, छाया, दर्शन यांपैकी एक लावलं की आमच्याकडे बिल्डरचं डोकं थकतं. आमच्या नावाच्या इमारती फक्त पूर्वेलाच अर्धा डझन असाव्यात. तरीही हा पट्टा अचूक आमच्याच दारात आला होता. पैसे आधीच भरलेले. कोणी भरले, ते लिहिलेलं नव्हतं.

घरात न समजणारी कुठलीही वस्तू सापडली की ती चिरंजीवांनी आणलेली असते, हा आमच्याकडचा पहिला नियम. तो कॉलेजातून आला तसा आम्ही पट्टा त्याच्यासमोर ठेवला.

"कुत्रा कधी आणतोयस?" आईंनी थेट विचारलं.

"कुठला कुत्रा?"

"आधी पट्टा आणायचा, मग म्हणायचं पट्टा फुकट जाईल. तुझ्या बाबाने असाच आधी स्टँड घेऊन मग सायकल मागितली होती."

तो शपथा घेत राहिला. नवरा ऑफिसातून आल्यावर त्याने वेगळाच धागा काढला. म्हणाला, आपल्यावर कोणीतरी डूख धरलाय. लंडनमध्ये १८१० साली असंच झालं होतं. बर्नर्स स्ट्रीटवरच्या एका बाईच्या घरी एका दिवसात कोळशाच्या गाड्या, धुरांडी साफ करणारे, लग्नाचे केक, शवपेट्या, पियानो, सगळं येऊन थडकलं. शेवटी शहराचा लॉर्ड मेयरसुद्धा. थिओडोर हूक नावाच्या एका उनाड लेखकाने एका गिनीच्या पैजेपायी पत्रं पाठवून सगळ्यांना बोलावलं होतं आणि समोरच्या घरात बसून तो गंमत बघत होता. तेवढ्यावर न थांबता नवऱ्याने कोलकात्याचं उदाहरण काढलं. तिथे २०२५ साली एका तरुणाने मोडलेल्या प्रेमाचा सूड म्हणून त्या मुलीच्या पत्त्यावर तीनेकशे पार्सलं पाठवली, तीही पैसे दारात द्यायची. पोलिसांनी त्याला धरलं.

"तुझ्यावर कोणाचं मोडलेलं प्रेम आहे?" मी विचारलं. त्याने बराच विचार केला. चेहऱ्यावर आशा होती. शेवटी त्याला फक्त बाथरूमच्या गळतीवरून भांडलेले खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आठवले. ते पट्ट्यावर पैसे खर्च करणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी अजून गळतीच्या प्लंबरचे अर्धे पैसे दिलेले नाहीत.

आठ-दहा दिवसांनी सिलिकॉनची सहा झाकणं आली. ताणून कुठल्याही भांड्यावर बसतात, असं वर चित्रात दाखवलं होतं. आम्ही घरातली सगळी पातेली मांडली. एकही झाकण बसलं नाही. सर्वांत धाकटं एका वाटीवर बसलं, पण असं घट्ट, की ते काढताना वाटीतलं ताक भिंतीवर गेलं. मग पोहताना लावायचा चष्मा आला, लहान मुलाच्या मापाचा. मग पत्ते पिसायचं यंत्र. आमच्याकडे पत्ते खेळत नाहीत. सासऱ्यांना आवडायचे, पण आई "गुणपत्रक बघू" अशा नजरेने त्यांचा हात बघायच्या, त्यामुळे त्यांनी तो नाद सोडला होता.

खरा पेच इथून सुरू झाला. वस्तू वापरायच्या की नाही? फुकट आलेलं आम्हा लोकांच्या पोटात राहत नाही. एखाद्याने चहा पाजला तर पुढच्या आठवड्यात त्याला पोहे खाऊ घातल्याशिवाय आम्हाला झोप लागत नाही. आणि टाकून द्यायचं तर तेही जमत नाही. मिठाईच्या खोक्याची सुतळी गुंडाळून ठेवणारी माणसं आम्ही. म्हणून प्रकरण सोसायटीच्या सेक्रेटरी काकांकडे गेलं. काका वकिली करून निवृत्त झालेत. गेली दहा वर्षं पाण्याच्या टाकीखेरीज दुसरा विषय त्यांच्या वाट्याला आलेला नाही, त्यामुळे हे ऐकून त्यांना तरतरी आली. आतून त्यांनी जाडजूड, पिवळ्या पानांचं पुस्तक आणलं.

"भारतीय करार कायदा, १८७२. कलम ७०."

१८७२ म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली त्याला जेमतेम १९ वर्षं झाली होती. त्या काळात कोणीतरी बसून आमच्या घराचा विचार करून ठेवला होता. कलमाखाली उदाहरण दिलंय, आणि मी ते स्वतः वाचलं: एखाद्या व्यापाऱ्याने चुकून आपला माल दुसऱ्याच्या घरी ठेवला आणि त्या दुसऱ्याने तो आपलाच असल्यासारखा वापरला, तर त्याला त्याचे पैसे द्यावे लागतात.

"म्हणजे वापरलंत की अडकलात," काका म्हणाले. "आता त्याने चुकून पाठवलं की मुद्दाम, हा वादाचा मुद्दा. त्यावर मी दोन्ही बाजूंनी बोलू शकतो."

"आणि नुसतं ठेवलं तर?"

"मग कलम ७१. सापडलेली वस्तू ताब्यात घेतली की ती सांभाळायची जबाबदारी तुमची."

आईंना ७१ पटलं. दुसऱ्या दिवशी माळ्यावर एक खोकं गेलं. त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात "परत द्यावयाच्या वस्तू", आत दोनशे पानी वही: अनुक्रमांक, दिनांक, वस्तू, स्थिती. पट्ट्यापुढे "स्थिती : उत्तम" लिहून नंतर ते खोडलं होतं आणि "समाधानकारक" केलं होतं. वाटीच्या झाकणापुढे "एकदा वापरले. ताक सांडले." अशी प्रामाणिक नोंद. ती वाचून सेक्रेटरी काका म्हणाले, हा कबुलीजबाब झाला.

बातमी नातलगांत पसरलीच. ठाण्याची नणंद घोडबंदर रोडला चाळीस मजली टॉवरमध्ये राहते. "आमच्याकडे असलं काही होत नाही," ती फोनवर म्हणाली. "गेटवर विचारतात, मोबाइलवर परवानगी द्यावी लागते, मगच माणूस वर येतो." ठाणेकरांचा सूर असाच असतो, त्यांना मुंबईचा पिन कोड मिळालाय ना. चार दिवसांनी तिच्या घरीही कृत्रिम पापण्यांचे चार जोड पोचले. गेटवरून विचारणा आली होती. दिवसातून पंधरा वेळा येते, म्हणून तिने आमटी ढवळता ढवळता हिरवं बटण दाबलं होतं.

कल्याणचे मामा मात्र निर्धास्त. पारनाक्याजवळच्या जुन्या घरात ते जन्मले, तिथेच आहेत. तिकडे डिलिव्हरीवाला आत शिरला की ओट्यावर बसलेलं कोणीतरी विचारतं, कोणाचं आहे, काय आहे, केवढ्याला पडलं. या चौकशीतून कुठलंही गूढ पार्सल सुटू शकत नाही. न मागवलेलं तर सोडाच, मागवलेलंसुद्धा दोनदा परत गेलंय.

मग बिया आल्या. बोटभर पारदर्शक पुडी, वर काहीही लिहिलेलं नाही. आईंनी दोन दाणे तळहातावर घेतले, चष्मा वर करून बघितले आणि म्हणाल्या, "मोहरीसारखं दिसतंय. फोडणीला घालून बघू?"

चिरंजीव किंचाळला. त्याने मोबाइल काढून आम्हाला २०२० सालची गोष्ट वाचून दाखवली. त्या वर्षी जुलैत अमेरिकेत घरोघरी अशाच पुड्या येऊ लागल्या. पाकिटावरच्या मजकुरात दागिना नाहीतर खेळणं, वर चिनी शिक्के, आत बिया. एकूण एक राज्यातून तक्रारी आल्या. तिथल्या शेतीखात्याने तपासल्या तर पुदिना, मोहरी, कोबी, गुलाब, जास्वंद असलंच निघालं. ("मोहरीच म्हणाले ना मी," आई.) पण परक्या बियांबरोबर कुठली कीड, कुठलं तण येईल याचा नेम नाही, म्हणून सांगण्यात आलं की पेरू नका, कचऱ्यातही टाकू नका. आपल्या केंद्रीय कृषी मंत्रालयानेही त्या ऑगस्टमध्ये राज्यांना आणि बियाणे कंपन्यांना सावध केलं होतं.

आणि हे सगळं कशासाठी, तर स्तुतीसाठी. ऑनलाइन दुकानात नव्या विक्रेत्याला कोणी विचारत नाही. वर यायचं तर विक्री झालेली दिसायला हवी, चांगले अभिप्राय हवेत, आणि अभिप्रायाला वजन यायचं तर वस्तू खरोखर कोणाच्या तरी घरी पोचल्याची नोंद हवी. म्हणून हे लोक कुठूनतरी नाव-पत्ता मिळवतात, त्या नावाने स्वतःच ऑर्डर देतात, स्वतःच पैसे भरतात आणि हलकी, स्वस्त काहीतरी वस्तू रवाना करतात. पार्सल पोचलं की त्याच नावाने स्वतःच कौतुक लिहितात. याला ब्रशिंग म्हणतात. आत पट्टा आहे की पापण्या, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. टपालखर्च कमी आला म्हणजे झालं.

"म्हणजे पोरांनी स्वतःच उत्तरपत्रिका लिहायची, स्वतःच तपासायची," आई म्हणाल्या. विषय त्यांना आमच्या कोणाहीपेक्षा लवकर समजला.

त्या बातमीला एक शेपूट होतं. पुढच्या वर्षी एका अमेरिकी मासिकाच्या पत्रकाराने त्या बियांचा खोलात जाऊन माग काढला, तेव्हा असं निघालं की गूढ पार्सल आलं म्हणून ओरडणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी त्या बिया टाळेबंदीत बसल्या बसल्या स्वतःच मागवल्या होत्या आणि मग साफ विसरले होते. हे वाचून होताच आमच्या घरात शांतता पसरली. प्रत्येकाने आपापला मोबाइल हातात घेतला. नवरा उठून बाल्कनीत गेला.

बऱ्याच वेळाने तो आत आला. पोहण्याचा चष्मा त्याचा होता. मे महिन्यात गुडघे दुखायला लागले तेव्हा डॉक्टर पोहायला जा म्हणाले. क्रीडासंकुलाच्या तरण तलावावर नाव घालायचं त्याने ठरवलं आणि त्याच उत्साहात चष्मा मागवला, माप न बघता. चष्मा श्रावणात उगवला. तोवर उत्साह ओसरला होता. तीन आठवडे हा माणूस आमच्याबरोबर बसून बर्नर्स स्ट्रीटच्या गोष्टी सांगत होता! आईंनी माळ्यावरून वही काढायला लावली, अनुक्रमांक ३ वर रेघ मारली आणि पुढे लिहिलं, "मालक सापडला."

बियांची पुडी एका रिकाम्या औषधाच्या बाटलीत गेली. आईंनी वर चिठ्ठी चिकटवली : "पेरू नये." दुसऱ्या दिवशी कामवाल्या मावशींनी विचारलं, पेरूच्या नाहीत तर मग कशाच्या आहेत?

पत्ता फुटला कुठून, यावर एक अख्खा रविवार खर्ची पडला. मुलगा मोठमोठ्या कंपन्यांची नावं घेत होता, माहितीची चोरी वगैरे. मी आईंकडे बघितलं. डोंबिवलीत दिवाळीच्या आधी जिथे जिथे ग्राहकपेठ आणि प्रदर्शनं भरतात, तिथल्या प्रत्येक लकी ड्रॉचं कुपन आई भरतात. नाव पूर्ण, पत्ता पूर्ण, मोबाइल, जन्मतारीख, "आपण आमच्याबद्दल कोठे ऐकलेत?" हेसुद्धा पूर्ण वाक्यात. रकाना रिकामा सोडणं त्यांना जमत नाही. पेपर कोरा टाकल्यासारखं वाटतं. गेल्या पंचवीस वर्षांत त्यांना एकदा गाळणं आणि एकदा उत्तेजनार्थ कॅलेंडर लागलंय. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेत मंजूर झाला. तोवर आमच्या घराची माहिती निम्म्या ठाणे जिल्ह्याच्या पत्र्याच्या डब्यांत पडलेली होती.

एकदा पत्ता बाहेर गेला की त्याच्या मागून बरीवाईट सगळी येतात. भाद्रपदात एक पार्सल आलं, चारशे नव्व्याण्णव रुपये दारात द्यायचं. घरी आई एकट्या. त्यांनी डब्यातले पैसे काढून दिले. आत गुडघ्याला बांधायचा पट्टा, एकच. संध्याकाळी आम्ही विचारलं, का दिलेत?

"व्ही.पी. होती. परत कशी पाठवायची?"

हे कळायला आमच्या पिढीने थोडं मागं जायला हवं. व्ही.पी. हा शब्द ज्यांनी ऐकलाय त्यांना आठवेल. पैसे भरा आणि टपाल सोडवून घ्या, ही पद्धत आपल्या टपालखात्यात १८७७ पासूनची. मासिकाची वर्गणी संपली की संपादक परस्पर कळवायचे, पुढला अंक व्ही.पी.ने पाठवत आहोत, कृपया सोडवून घ्यावा. पाठव असं आपण म्हटलेलं नसायचं. पण व्ही.पी. परत गेली तर संपादकांना भुर्दंड आणि पोस्टमनसमोर आपली शोभा, म्हणून माणसं शेजारून उसने पैसे आणून ती सोडवायची. न मागवलेलं घरी येणं आई काही आज बघत नाहीत. देवाच्या नावाने पोस्टकार्ड यायचं, अशी अकरा कार्डं लिहा, न लिहिल्यास अमक्याचा धंदा बुडाला. ती अकरा कार्डं आई लिहायच्या नाहीत. आलेल्या कार्डातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून ठेवून द्यायच्या. तेव्हा टपाल दुपारी यायचं. खाली सायकलची घंटा वाजली की इमारतीतल्या बायका जिन्यात यायच्या आणि वरून विचारायच्या, "आमचं काही?" पोस्टमन मान वर न करता गठ्ठा चाळायचा. बहुतेक वेळा काही नसायचं.

त्या चारशे नव्व्याण्णवानंतर घरात फर्मान निघालं, पैसे मागितले तर दार लावून घ्यायचं. म्हणून पुढचा माणूस दारात आलाच नाही. त्याने फोन केला. हा प्रसंग चिरंजीवाने दुसऱ्या खोलीतून ऐकला आणि तो उठून येईपर्यंत संपलाही होता.

"मॅडम, आपके नाम का पार्सल है."

"हमने कुछ मंगाया नहीं है," आई. त्यांचं हिंदी बोलताना प्रत्येक शब्द वेगळा उभा असतो, प्रार्थनेच्या रांगेतल्या मुलांसारखा.

"तो कैंसल करना पड़ेगा. आपके मोबाइल पे छह अंक का नंबर आया होगा, वो बताइए."

मोबाइलवर काय आलं हे बघायला चष्मा लागतो आणि चष्मा स्वयंपाकघरात होता. पण पार्सल म्हटल्यावर सहा आकडी नंबर कोणता, हे आईंना झोपेतून उठवलं तरी सांगता येतं.

"लिख लो. चार, दो, एक, दो, शून्य, एक."

थोडा वेळ गेला. "मॅडम, ये गलत बता रहा है."

"गलत कैसे? पचास साल से यही है!"

त्याने पुन्हा विचारलं. आईंनी पुन्हा सांगितलं, या वेळी एकेका आकड्यानंतर थांबून, श्रुतलेखन घातल्यासारखं. "पीछे डोंबिवली पूर्व लिखना. पश्चिम का अलग है." पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला.

आईंचं पेन्शनचं खातं त्या मोबाइलला जोडलेलं आहे. ते वाचलं याचं श्रेय मी श्रीराम भिकाजी वेलणकरांना देते. टपालखात्यातले हे मोठे अधिकारी संस्कृतात नाटकं आणि काव्यं लिहायचे. एकाच नावाची अनेक गावं, प्रत्येकाची लिपी निराळी, अक्षर त्याहून निराळं, या गोंधळातून वाट काढायला त्यांनी सहा आकड्यांची पद्धत बसवली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ पासून देशभर लागू झाली. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन नेमक्या पोस्ट ऑफिसचे. या पद्धतीत ठाणे शहर मुंबईच्या ४०० मध्ये गेलं आणि आम्ही ४२१ मध्ये, उल्हासनगर, भिवंडी, अंबरनाथ, बदलापूर यांच्या पंगतीला. ही सल नणंदेचा फोन आला की दर वेळी ठसठसते. त्या दिवशी प्रथमच ४२१ बद्दल घरात चांगलं बोललं गेलं. चिरंजीवाने १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तक्रार करायचं ठरवलं, पण फसवणूक झालेलीच नव्हती. काय सांगणार, आजींनी पिन कोड दिला?

मुख्य गोष्ट पुढेच आहे. ऑक्टोबरात एका रात्री चिरंजीवाने पट्ट्याचा फोटो काढून त्यावरून दुकान शोधून काढलं. तोच लाल पट्टा, तेच घुंगरू. खाली अभिप्राय. चौथा अभिप्राय आईंच्या नावाचा. पुढे हिरवी खूण, खात्रीचा ग्राहक. पाच तारे. मजकूर इंग्रजीत : सुपर प्रॉडक्ट, माय डॉगी लव्ह इट.

मी लग्न होऊन या घरात आले त्याला चोवीस वर्षं झाली. या चोवीस वर्षांत माझी आमटी "बरी आहे" च्या वर गेलेली नाही. पुरणपोळीला एकदा "मागच्यापेक्षा सुधारणा" मिळाली, ती मी अजून मनात जपून आहे. शाळेत त्यांच्या हातून निबंधाला पैकीच्या पैकी कोणाला मिळाल्याची नोंद नाही. पैकीच्या पैकी फक्त गणितात देतात, तेही उत्तर बरोबर असेल तर, असं त्या मुख्याध्यापकांना सांगायच्या. आणि त्या बाईंनी भर बाजारात कुत्र्याच्या पट्ट्याला पाचपैकी पाच दिले होते.

आम्ही त्यांना मोबाइल दाखवला. त्यांनी दोनदा वाचलं. मला वाटलं चिडतील. त्या आधी म्हणाल्या, "लव्ह्ज हवं. तृतीय पुरुष, एकवचन." मग गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आणि खाली कल्याण काय लिहिलंय?"

खरंच, नावाखाली गावाचं नाव कल्याण होतं. तालुका बघून संगणकाने ठरवलं असावं.

त्या रात्री आई जेवल्या नाहीत. आम्ही दुकानाकडे तक्रार केली, ग्राहकांच्या १९१५ या हेल्पलाइनवरही नोंदवली, दोन्हीकडून नोंद झाल्याचे क्रमांक आले. क्रमांकांनी त्यांचं समाधान होईना. "खोडून काय होणार? लोकांनी वाचलं असेल. दुरुस्ती छापायला हवी." मग दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ, देवपूजा उरकून त्या खुर्चीत बसल्या आणि नातवाला त्याच्या खात्यावरून मजकूर लिहायला लावला.

"पट्टा मिळाला. मागवला नव्हता. घरी कुत्रा नाही. बकल लोखंडी असून दोन महिन्यांत गंज धरला. शिवण एका बाजूला सुटली आहे. घुंगराचा नाद चांगला. यापूर्वी माझ्या नावे आलेला अभिप्राय माझा नव्हे. त्यात व्याकरणाची चूक आहे. पाचपैकी दोन."

"दोन तरी कशाचे, आजी?"

"एक घुंगराचा. एक पत्ता बिनचूक लिहिल्याचा. आजकाल कोण लिहितं?"

त्याने बटण दाबलं. अभिप्राय छापून आला. खाली गावाचं नाव आपोआप उमटलं : ठाणे.

त्यानंतर पार्सलं थांबली. अभिप्रायामुळे थांबली, असं आईंचं ठाम मत आहे. त्यांच्या हातून दोन मिळाल्यावर मुलं गप्पच बसायची. विक्रेत्याला नवे पत्ते मिळाले असतील, असं मुलगा म्हणतो. माळ्यावरचं खोकं तसंच आहे. वहीत शेवटची नोंद अनुक्रमांक ९, "नेलकटर, परदेशी, बोथट". मालक अजून आलेला नाही. सेक्रेटरी काकांच्या हिशेबाने मुदतीचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे, त्यावर ते एकदा सविस्तर बोलणार आहेत.

परवा शनिवारी दुपारी जिन्यात पावलं वाजली. हेल्मेटवाला तोच मुलगा, पाठीवर भलीमोठी पिशवी, आमच्या दारावरून सरळ वर निघाला होता. आईंची वामकुक्षीची वेळ. पण मी उठायच्या आत त्या सेफ्टी डोअरपाशी उभ्या होत्या.

"आमचं काही?"

"नाही आजी. वरचं आहे, तिसऱ्या मजल्याचं."

"पिशवीत नीट बघ," आई म्हणाल्या.